बाबांसाठी कॉम्प्युटर

“काका, विमानाच्या गेमला आठ जीबी रॅम पुष्कळ झाली,” शिरोडे म्हणाला. “उगाच कशाला खर्च वाढवता?”

“सोळा टाका,” बाबा म्हणाले.

“बाबा, सोळा टाकली तर ग्राफिक्स कार्ड हलकं घ्यावं लागेल,” मी म्हटलं. “आणि गेमला खरं महत्त्व कार्डाचं असतं.”

“कार्ड तेच राहू दे. दुसरीकडे कुठेतरी काटा.”

शिरोडेने पेनचं टोक चावत माझ्याकडे पाहिलं. महात्मा गांधी रोडवर एका पहिल्या मजल्यावर त्याचं दुकान होतं, तीन माणसं उभी राहिली की चौथ्याला जिन्यात थांबावं लागेल एवढं. समोर कागदावर आमची यादी होती: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर आणि शेवटी जॉयस्टिक. सगळं मिळून साठ हजारांत बसवायचं होतं. बाबांची तेवढीच ठेव मोडली होती आणि त्यावर एक रुपया जाणार नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी घड्याळ पाहिलं. पावणेपाच. घरी सासूबाईंजवळ समोरच्या फ्लॅटमधल्या बोरसे वहिनींना बसवलं होतं, त्या पाचला निघणार होत्या.

“बाबा, निघू या. उरलेलं पुढच्या वेळी.”

स्कूटरवर मागे बसून मी पिशवी पोटाशी धरली होती. प्रोसेसरचं खोकं काय, हाताच्या तळव्यावर मावेल एवढं. पण दोन वर्षांत माझं म्हणता येईल अशा कामाला मी पहिल्यांदाच बाहेर पडले होते.

बाबा म्हणजे माझे सासरे, प्रभाकर खैरनार. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं पंखांचे पत्रे जोडले. त्यांच्या हाताखालून किती विमानं गेली त्याची गणती नाही, पण विमानात बसून आकाशात गेले नाहीत ते नाहीतच. निवृत्त झाल्यावर आईंना घेऊन एकदा दिल्लीला विमानाने जायचं, असं ठरलं होतं. निवृत्तीला आठ महिने झाले आणि आईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तोंडात ‘हां’ एवढा एकच शब्द उरला. भूक लागली तरी हां, दुखलं तरी हां, राग आला तरी हां. आवाज पोहोचला नाही तर त्या डाव्या हाताने पलंगाची लोखंडी दांडी वाजवायच्या.

आमचा फ्लॅट पाथर्डी फाट्याला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी खुर्चीत बसवून वर नेलं, त्यानंतर आई खाली उतरल्या नव्हत्या. माझंही तसंच झालं होतं. दर दोन तासांनी आईंची कूस बदलायची, अंग पुसायचं, मऊ भात भरवायचा, चादरी धुवायच्या. माझा नवरा हेमंत औषध कंपनीत एमआर. महिन्यातले वीस दिवस धुळे, नंदुरबार, जळगाव. घरी आला की तोही हात लावायचा, पण पाहुण्यासारखा. चमचा कुठे आहे ते विचारून.

लग्नाआधी आणि लग्नानंतरही दोन वर्षं मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होते. न बांधलेल्या घरांची थ्रीडी चित्रं करायचे. गिऱ्हाईक समोर बसायचं आणि मी त्याला पडद्यावर दारातून आत न्यायचे, दिवाणखान्यातून गच्चीत, गच्चीतून मोकळ्या आकाशात. आई आजारी पडल्यावर महिन्याची रजा घेतली. ती संपलीच नाही.

कॉम्प्युटरचं बाबांनी जानेवारीत काढलं. हेमंत घरी होता, आम्ही जेवत होतो.

“मला एक कॉम्प्युटर घ्यायचाय,” ते म्हणाले. “विमान उडवायचे गेम असतात ना, त्यासाठी.”

हेमंतला ठसका लागला. “बाबा, तुम्ही? गेम?”

“का? मी काय लढायला चाललोय? घरात बसून उडवीन.”

“अहो, पण त्याला भारी मशीन लागतं. ठेव मोडणार का त्याच्यासाठी?”

“माझी ठेव आहे,” बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “सुनीती, तुला यातलं कळतं. काय काय लागेल ते तू निवड. आपण दोघं जाऊन आणू.”

मी लगेच हो म्हटलं. इतकं लगेच, की हेमंतने माझ्याकडे चमकून पाहिलं.

त्या होकारामागे काय होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आठच दिवसांपूर्वी मला नफीसा मॅडमचा फोन आला होता. जुन्या ऑफिसात त्या माझ्या वरिष्ठ. आता त्यांनी पुण्यात स्वतःचं ऑफिस काढलं होतं. “एक एप्रिलपासून ये,” त्या म्हणाल्या. “तोवर जागा धरून ठेवते. त्यापुढे नाही जमणार मला.” मी गॅलरीत वॉशिंग मशीन चालू करून, त्याच्या घरघरीत तोंड घालून बोलत होते. “येते,” म्हणाले. फोन ठेवला, चादरी वाळत घातल्या आणि आईंची कूस बदलायला गेले.

सांगायचं रोज ठरवत होते. सकाळी ठरवायचे, संध्याकाळी पुढे ढकलायचे. बाबांनी कॉम्प्युटरचं काढलं आणि मला वाटलं, सुटले. मी गेल्यावर या माणसाच्या संध्याकाळी जातील कशा, हाच काटा मनात रुतत होता. आता निदान काहीतरी देऊन जाता येणार होतं. आईंना भरवताना मी एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून प्रत्येक भागाची माहिती वाचत बसायचे. कुठला मदरबोर्ड पुढे वाढवता येतो, वीज पुरवणारा कुठला एसएमपीएस टिकतो, कुठे पैसे वाचवले तर चालतात आणि कुठे वाचवले तर नंतर रडावं लागतं. इतकं मन लावून मी हेमंतच्या अंगठीचा खडासुद्धा निवडला नव्हता.

दुसऱ्या फेरीला मॉनिटर घ्यायचा होता. शिरोडेने दोन काढून शेजारी शेजारी लावले.

“काका, हा घ्या. खास गेमवाल्यांचा. विमान कितीही जोरात पळू दे, चित्र फाटणार नाही.”

“आणि हा दुसरा?”

“हाही चांगला आहे. पण हा डिझाइनवाले नेतात. फोटोबिटो करणारे. वेग कमी, रंग एकदम खरे.”

बाबा दोन्हींसमोर वाकून उभे राहिले. मग मला म्हणाले, “तुला कुठला बरा वाटतो?”

“गेमला पहिला,” मी म्हटलं.

“गेमचं सोड. तुझ्या डोळ्यांना?”

“माझ्या डोळ्यांना काय, दुसराच. पण—”

“दुसरा द्या,” बाबा शिरोडेला म्हणाले.

त्याने बेरीज केली. दोन हजार आठशेनी वर जात होतं. मी कॅबिनेट साधं करू या म्हटलं, तरी बसेना. बाबांनी पेन घेतलं आणि जॉयस्टिकवर सरळ रेघ ओढली.

“अहो बाबा! तिच्याशिवाय विमान कसं उडवणार?”

“कीबोर्डने उडवीन.”

“मी घालते ना तेवढे. माझ्याकडे आहेत.”

“नको,” ते म्हणाले, जरा जोरातच. मग हळू आवाजात, “तुझे तुझ्याकडे असू देत.”

घरी परतताना ती रेघच डोळ्यांसमोर होती. म्हातारपणी एक हौस, तीही अर्धी कापून घेतली. आणि हा माणूस मला काही म्हणजे काही विचारत नाही, आणि मी त्याला सोडून चालले आहे. त्या आठवड्यात मी दोनदा नफीसा मॅडमना ‘जमणार नाही’ असा मेसेज लिहिला. दोनदा पुसला.

मार्चच्या मधल्या रविवारी सगळे भाग घरात आले. शिरोडे जोडून द्यायला तयार होता, पण मी नको म्हटलं. टेबल मी हॉलमध्ये ठेवायला निघाले होते, तिथे टीव्हीशेजारी जागा होती.

“तिकडे नको,” बाबा म्हणाले. “आतल्या खोलीत. खिडकीला लागून.”

“आईंच्या खोलीत? पंख्यांचा आवाज होईल.”

“होऊ दे. असं लाव, की मान वर केली की हिचा पलंग दिसेल.”

मला ते बरोबरच वाटलं. खेळताना त्यांना आईंवर लक्ष ठेवायचं असेल. टेबल लावलं. खुर्चीच्या डाव्या हाताला भिंत, पाठीला कपाट, समोर मॉनिटर आणि त्याच्यावरून पाहिलं की आईंचा चेहरा. खुर्चीत शिरायला अंग चोरावं लागत होतं.

जुन्या चादरीवर सगळं मांडून मी जमिनीवर बसले. प्रोसेसर खाचेत बसवला, वर पेस्टचा ठिपका दिला, पंखा आवळला. रॅमच्या पट्ट्या दोन्ही अंगठ्यांनी दाबल्या. बसल्याचा टक् आवाज आला तेव्हा आई पलंगावरून “हां” म्हणाल्या. मी हसले. त्याही डाव्या ओठाने हसल्या. बाबा स्क्रूड्रायव्हर हातात देत होते. छत्तीस वर्षं स्क्रू आवळलेला माणूस, पण मी मागेन तेवढंच देत होता, मध्ये बोलत नव्हता. त्या दुपारी मी सुखात होते, हे खोटं कशाला सांगू.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, पडद्यावर अक्षरं आली. पुढचं सगळं टाकून होईपर्यंत तासभर गेला. मग मी खुर्चीत शिरून बसले आणि म्हणाले, “बाबा, आता गेम उतरवायला लावते. मोठा आहे, संध्याकाळपर्यंत होईल.”

“ते राहू दे,” बाबा म्हणाले. “आधी तुझं टाक.”

“माझं काय?”

“ते घरं दाखवायचं सॉफ्टवेअर.”

मला वाटलं, गंमत करताहेत. पण त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून कीबोर्डवर ठेवला. वर माझ्या जुन्या ऑफिसचं नाव छापलेलं होतं. खाली आर्किटेक्ट सरांच्या अक्षरात लिहिलं होतं: रॅम सोळा, कमी नको. ग्राफिक्स कार्ड अमुक, त्याखालचं नको. मॉनिटर खऱ्या रंगांचा. सगळ्यात खाली, ‘महिन्याला दोन-तीन कामं घरी देता येतील.’

तारीख जानेवारीची होती.

“तुम्ही ऑफिसात गेला होता?”

“पेन्शनचं काम आहे म्हणून गेलो होतो बघ, त्या दिवशी.”

“का पण?”

बाबा दारात उभे होते. त्यांनी आईंकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. “गॅलरी आणि बाथरूमच्या मधे झरोका आहे, त्याची काच कधीची फुटलीय. मी आत होतो. तू फोनवर पुण्याचं बोलत होतीस. येते म्हणालीस त्यांना.”

कॉम्प्युटरचे पंखे चालूच होते. मला उठायचं होतं, पण खुर्ची मागे सरकायला कपाट आडवं होतं.

“अगं, पुण्याला जायची गरजच काय?” बाबा भराभर बोलू लागले, पाठ करून ठेवल्यासारखं. “इथे सगळं आहे. सर काम द्यायला तयार आहेत. मशीन तुझ्या मनासारखं आहे, एक-एक वस्तू तुझ्या पसंतीची. कुणी काही म्हणणार नाही तुला. चहा मी करीन. तू आपली दार लावून बस...” ते थांबले. दार लावलं तरी आई आतच असणार, हे त्यांच्याही लक्षात आलं. “म्हणजे, बस आपली काम करत.”

त्यांनी ‘जाऊ नको’ म्हटलं असतं, आवाज चढवला असता, तर मला भांडता आलं असतं. दोन महिने मी मनातल्या मनात त्या भांडणाची तयारी करत होते. पण इथे भांडायचं कुणाशी? त्यांनी ठेव मोडली होती, दिल्लीचं विमानही त्याच ठेवीत होतं. आणि ज्या खुर्चीत मी अडकले होते, तिच्याभोवतीचं सगळं माझ्याच हाताने निवडलेलं, माझ्याच हाताने जोडलेलं होतं.

“बाबा,” मी म्हटलं, “हे मी तुमच्यासाठी घेत होते.”

“माझ्यासाठी?”

“मी गेल्यावर तुमचा वेळ जावा म्हणून.”

बाबा पलंगाच्या कडेला, आईंच्या पायांशी बसले.

“मला नाही गं ते गेम जमत. हेमंत मोबाइलवर खेळतो ते नुसतं बघितलं तरी गरगरतं.”

“आपण बाई ठेवू. माझ्या पगारातून देईन. मी दर शुक्रवारी येईन.”

“हिला परकी बाई चालत नाही.”

“मीही परकीच होते, बाबा. चार वर्षांपूर्वी.”

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. शेवटी म्हणाले, “मला हिला उचलता येत नाही, सुनीती. माझी कंबर गेलीय. कुणाला सांगितलं नाही. परवा तू कपडे काढायला गच्चीवर गेलीस ना, तेव्हा हिने दांडी वाजवली. मी वळवायला गेलो आणि ही घसरली. खाली पडली असती. मी अंगाने अडवून धरलं नुसतं, तू येईपर्यंत. तू आलीस तेव्हा मी हिच्याशी बोलत बसलोय असं दाखवलं.”

आई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी ‘हां’ म्हटलं नाही.

मी अंग चोरून खुर्चीतून निघाले. कूस बदलायची वेळ झालीच होती.

“उठा,” मी म्हटलं. “आज तुम्ही करा. मी हात लावणार नाही.”

“नाही जमायचं मला.”

“उचलायचं नाही, वळवायचं. आधी त्यांचा गुडघा वाकवा. हां. आता खांद्याला हात नको, खालच्या चादरीची कड धरा. दोन्ही हातांनी. तुमचा एक पाय मागे घ्या, कमरेत वाकू नका. आता चादर तुमच्याकडे ओढा.”

पहिल्यांदा चादर सुटली. दुसऱ्यांदा आई अर्ध्यावर येऊन परत गेल्या. तिसऱ्यांदा वळल्या. बाबा घामाघूम झाले होते. उशी आईंच्या पाठीला कशी लावायची ते मी तोंडाने सांगितलं, त्यांनी लावली. मग ते बाहेर गेले आणि हॉलमध्ये दिवा न लावता बसून राहिले.

संध्याकाळी मी हेमंतला फोन केला. सगळं सांगितलं.

“तू आणि बाबा मिळून ठरवा ना,” तो म्हणाला. “मी काय सांगू इथून?”

“तू सांग, मी जाऊ का नको.”

“सुनीती, मी दोघांच्या मध्ये...” त्याने वाक्य अर्धवटच सोडलं. “बाईचं मी बघतो,” एवढं मात्र म्हणाला. आणि त्याने बघितलं.

बाबा माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. रागावून नाही. समोर आले की वाट द्यायचे, ताट घ्यायचे, ठेवायचे. पण दर दोन तासांनी खोलीत यायचे आणि आईंची कूस स्वतः बदलायचे. मी दारात उभी राहायचे. कॉम्प्युटरवर कुणीतरी टॉवेल टाकून ठेवला होता. अठ्ठावीस तारखेपासून रंजना गांगुर्डे म्हणून पन्नाशीच्या बाई यायला लागल्या. पहिले तीन दिवस आई त्यांच्या हाताखाली रडल्या. तोंडातून आवाज न काढता, नुसतं पाणी. त्या तीन दिवसांत मी बॅग दोनदा भरली आणि एकदा रिकामी केली.

त्या कॉम्प्युटरचं पुढे काय झालं, असं हेमंतचे मित्र अजून विचारतात. वर्षभराने सगळं जगच घरात कोंडलं गेलं, तेव्हा मीही पुण्याहून परत आले आणि त्याच टेबलाशी, कपाट आणि भिंतीच्या मधे बसून चौदा महिने नफीसा मॅडमची कामं केली. मान वर केली की आई दिसायच्या. त्या गेल्या तेव्हाही मी तिथेच होते, एका हॉटेलच्या गच्चीला रंग भरत. सोळा जीबी पुरली. बाबांनी निवडलेला मॉनिटर अजून माझ्याकडे आहे, त्याचे रंग खरेच आहेत. पण ते सगळं नंतरचं. परत आले तेव्हा माझ्या मनाने आले होते. त्याआधी एकदा जाणं भाग होतं.

एक एप्रिलला सकाळी सातची बस होती. साडेसहाला मी बॅग घेऊन आईंच्या खोलीच्या दारात उभी राहिले. रंजनाताई येऊन पोहोचल्या होत्या. बाबा त्यांना शिकवत होते.

“उचलायचं नाही, वळवायचं,” ते सांगत होते. “आधी चादरीची कड धरा.”

आधी गुडघा. माझ्या ओठांवर आलं होतं. आईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही ठाऊक होतं. मी ओठ मिटून घेतले. बाबांनी मान वर केली, बॅग पाहिली आणि पंधरा दिवसांनंतर पहिल्यांदा म्हणाले, “पाण्याची बाटली घेतलीस?”

“घेतली.”

“बरं.”

मी दार ओढून घेतलं. एक मजला उतरले आणि थांबले. कुणी बोलावत होतं का ते ऐकत होते. दुसरा मजला उतरले, पुन्हा थांबले. तेवढ्यात वरून आवाज आला. आई दांडी वाजवत होत्या. एकदा, दोनदा, मग सलग. माझा हात कठड्यावर घट्ट झाला आणि पाय आपोआप वरच्या पायरीकडे वळला.

“आलो, आलो,” बाबांचा आवाज आला. “इथेच आहे मी.”

दांडीचा आवाज थांबला. मी बॅग दुसऱ्या हातात घेतली आणि खाली उतरले.